गाडीला कोड निघाला

खरं सांगा, ऑटोत तुमच्या शेजारी एखादा माणूस येऊन बसला आणि दांडी धरताना त्याच्या हातावरचे पांढरे चट्टे तुम्हाला दिसले, तर तुम्ही सरकता की नाही?

सरकता. नाही म्हणू नका. पिशवी मांडीवर घ्यायची आहे असं दाखवून सरकता, पदर आवरायचा आहे असं दाखवून सरकता. तिगावच्या दादारावनं हे सरकणं इतकं पाहिलंय की आता तो समोरच्याला त्रासच देत नाही. स्वतःच आधी सरकून कोपऱ्यात बसतो.

दादारावची सोयरीक जमत आली होती तेव्हा त्याच्या उजव्या हाताच्या बोटावर पहिला ठिपका उमटला. मुलीकडचे पुन्हा आले नाहीत. नंतर ठिपके मनगटापर्यंत चढले, मग ओठांवर आले. नागपूरच्या डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं, हा कोड आहे, लागत नाही, दुखत नाही, कोणाला काही होत नाही. डॉक्टरनं हे दादारावला सांगितलं. गावाला कोण सांगणार?

त्याच्याकडे एक व्हॅन आहे, पांढऱ्या रंगाची, जिचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं तसली. एके काळी तो तिगावची लेकरं पांढुर्ण्याच्या शाळेत नेऊन सोडायचा. पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी बसायचा मान त्याच्या धाकट्या भावाच्या पोरीचा, दीपालीचा. ती खिडकीतून हात बाहेर काढायची आणि हा ओरडायचा. मग एका आईनं विचारलं, पोराला उतरवताना तुम्ही हात धरता काय हो? त्या महिन्यात तिचं पोर गाडीतून कमी झालं, मग दुसरं कमी झालं, मग लेकरांचा एक घोळका दुसऱ्याच गाडीतून जायला लागला. शेवटी भाऊराव, म्हणजे सख्खा भाऊ, दारात उभा राहून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला, "दादा, दीपाली आता मांग बसत जाईन. मोठी झाली ना ते."

पोर दहा वर्षांची होती.

हे घर कोणाचं? जय भीम म्हणणाऱ्यांचं. ज्यांच्या आज्या-पणज्यांना पाणी वरून ओतून दिलं जायचं त्यांचं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि फोटोखालच्या फळीवर दादारावचा कप वेगळा. दुसऱ्यानं केलं तर आपण मोर्चा काढतो. घरात झालं तर कप विसळून ठेवतो.

असो. भाऊरावला पांढुर्ण्यात पालिकेची नोकरी लागली, तो बिऱ्हाड घेऊन तिकडे गेला. दादाराव तिगावात एकटा राहिला. आता त्याची व्हॅन संत्र्याच्या क्रेटी वाहते. संत्र्याला माणसाच्या हाताची घाण वाटत नाही. कधी कोणाची बस चुकली तर लोक त्याला हात दाखवतात, पण बसतात मागे, क्रेटींमध्ये अंग चोरून. पुढची सीट रिकामी जाते. वर्षानुवर्षं.

यंदाच्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. व्हॅनच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि भाऊरावचा फोन आला.

"दादा, दीपालीची सोयरीक जमून राहिली. सौंसरची पार्टी आहे. पोरगा अंकुश, वीज खात्यात आहे. पोरगी पसंत आहे त्याइले. येत्या रविवारी आपल्याले त्याइचं घर पाह्याले जायचं आहे."

"अरे वा! मंग निघू ना," दादाराव म्हणाला. त्याच्या डोळ्यांसमोर तो इस्त्रीचा पांढरा शर्ट आला जो त्यानं कोणाच्या तरी लग्नासाठी घेतला होता आणि जो घडीतच पिवळा पडत चालला होता.

पलीकडून भाऊराव खाकरला. "व्हॅन दे म्हणतो मी. ड्रायव्हर मी पाह्यतो. तू… कायले त्रास घेतं?"

म्हणजे गाडीला आमंत्रण होतं. गाडीवाल्याला नव्हतं.

दादारावची जीभ तिखट. दुसरं कोणी असतं तर त्यानं तिथंच सालटं काढलं असतं. पण विषय दीपालीचा होता. पोरीच्या संसाराकडे निदान आपली गाडी तरी जाईल, एवढाच धागा त्या घराशी उरला होता, तो आपल्या हातानं कसा तोडायचा? तो म्हणाला, "रविवारी गाडी टंच भेटन तुले."

आता दिव्याचं पाहणं आलं. पांढुर्ण्याच्या एका गॅरेजवाल्यानं "चाबी तिथं बोनेटवर ठेवा" म्हणून सांगितलं, हातातून घेतली नाही. मग स्टिअरिंगखाली आपली मशीन लावली, दोन बटणं दाबली, दिवा विझला.

"काय झालं होतं?" दादारावनं विचारलं.

"सेन्सरचं काही होतं. झालं आता."

"कोणत्या सेन्सरचं?"

"दिवा विझला ना काका? मंग!"

तिगावचं रेल्वे फाटक यायच्या आत दिवा परत लागला. पुन्हा गॅरेज, पुन्हा विझवणं, पुन्हा पैसे, पुन्हा दिवा. तिसऱ्यांदा दादाराव गेलाच नाही. ज्याला विझवायचंच माहीत आहे त्याच्याकडे जाऊन उपयोग काय? आपणच मशीन घेऊ आणि आपणच पाहू, असं त्यानं ठरवलं. आयुष्यभर पाना-पक्कड घरीच चालवला, ब्रेक घरी केले, क्लचची तार घरी बदलली. एवढंच कायले उधार ठेवायचं?

तो ऋषिकेशच्या दुकानात गेला. ऋषिकेश मोबाईलचं दुकान चालवतो, ऑनलाइन सामानही मागवून देतो, बोलायला गोड आणि व्यवहाराला चोख. दादाराव काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाला, "कोड वाचायची मशीन पाह्यजे."

ऋषिकेशनं त्याच्या हातांकडे पाहिलं. मग तोंडाकडे. मग पुन्हा हातांकडे.

"काका, कोडाचं मशीननं काय होते? चांगल्या डॉक्टरले दाखवा ना. नागपूरले एक आहे, माह्या साळ्याचा…"

"माह्या नाही रे बावा! गाडीच्या!" दादाराव ओरडला. "गाडी बिघडली का तिच्यात नंबर येते, त्याले कोड म्हणतात. कोड!"

ऋषिकेशचं तोंड एवढुसं झालं, आणि मग दोघंही हसले. किती दिवसांनी दादाराव दुसऱ्या माणसासोबत हसला असेल, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मग ऋषिकेशनं मोबाईलवर चित्रं काढून दाखवली. सगळ्यात स्वस्त म्हणजे अंगठ्याएवढी डबी. स्टिअरिंगखालच्या खाचेत ती खोचायची, ब्लूटूथनं मोबाईलला जोडायची, आकडे मोबाईलवर दिसतात. सगळ्यात महाग म्हणजे टॅब्लेटसारखी, गॅरेजवाल्यांची, ब्रेकपासून एअरबॅगपर्यंत सगळं वाचते, पण तिच्या किमतीत या व्हॅनची अर्धी बॉडी आली असती. मधली मशीन वायरवाली. टीव्हीच्या रिमोटापेक्षा थोडी जाड, तिला स्वतःचा छोटा पडदा.

"डबी घेऊन टाका काका. सस्ती, मस्त."

"नकली निघाली तर?"

"निघतात," ऋषिकेशनं मान्य केलं. "काही डब्या जुळतच नाहीत गाडीसंग. अन् तुमचा फोनही म्हातारा आहे."

"मंग ते नको. फोन अडला का मले तुह्याकडे या लागन. मले कोणाकडे जायचं काम नाही पाह्यजे." त्यानं वायरवालीवर बोट ठेवलं. "हे निस्ता कोड मिटवते का आतलं चालू काम दाखवतेही? हवा किती, गरमी किती?"

"दाखवते. अन् काका, एक ध्यानात ठेवा. मिटवणं सोपं आहे. बिघाड तसाच राहिला तर दिवा परत येते."

"ते मले कोण्या मशीननं नाही शिकवलं," दादाराव म्हणाला. "माह्या गाडीले नाही लागली तर वापस घेशीन?"

"घेईन."

"लिहून नको देऊ. तोंडानं बोल."

"घेईन काका, घेईन!"

दुकानात यायच्या आधीच तो घरी टॉर्च घेऊन स्टिअरिंगखाली आडवा पडून पाहून आला होता की तसली सोळा भोकांची खाच आपल्या गाडीला आहे की नाही. होती. धुळीनं बुजली होती, पण होती. ज्यांना असली मशीन घ्यायची आहे त्यांनी हे आधी करा, पैसे नंतर काढा.

मशीन शुक्रवारी आली. शनिवारी सकाळी त्यानं ती खाचेत बसवली, चाबी फिरवली, इंजिन चालू केलं. पडद्यावर आकडा आला, पी शून्य एकशे तेरा. सोबतच्या कागदावर शोधलं, इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर. मग त्यानं चालू आकडे पाहिले आणि हसायलाच आलं. बाहेर वैशाखाचं ऊन होतं, पत्र्यावर भाकर भाजली असती, आणि मशीन म्हणत होती की आत जाणारी हवा उणे चाळीस आहे. तिगावात बर्फ! म्हणजे सेन्सरपर्यंत तारच पोचत नव्हती.

इंजिन बंद करून त्यानं पुढची डावी सीट उचलली. सीटखाली उंदरानं घर मांडलेलं. सरकीचा कापूस, संत्र्याची वाळकी सालं, कुठल्या तरी पोराच्या जुन्या वहीचा चुरा, आणि त्यात कुरतडलेली तार. एरवी बसणाऱ्या माणसाच्या वजनानं सीट हलत असती, करकरत असती, तर उंदराची काय छाती होती? वर्षानुवर्षं कोणी बसलंच नव्हतं. उंदराला वाटलं असणार, जागा मोकळीच आहे.

बिघाड सापडला, तोही स्वतःच्या हातानं. असं काही झालं की माणसाला कोणाला तरी सांगावंसं वाटतं. दादारावला सांगायला कोण होतं? त्यानं भावाला फोन लावला.

भाऊरावच्या फोनचा कानाचा आवाज गेलेला, म्हणून तो कायम स्पीकरवरच बोलतो. ते दादारावला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की भाऊरावच्या समोरच्या खुर्चीवर अंकुशचे मामा भिवाजी चहा पीत बसले होते. पांढुर्ण्यात बाजाराला आले होते, उद्याचं पक्कं करायला घरी डोकावले होते.

"भाऊराव! कोड निघाला रे!" दादाराव आनंदानं ओरडला.

"कुठं निघाला?" भाऊराव बावचळला.

"सीटीखाली होता, दिसत नव्हता. आता मी पाहून राहिलो ना डोळ्यानं. पण तू घाबरू नको. आजच मिटवून टाकतो, सौंसरवाल्याइले काही कळणार नाही. दीपालीले सांग, टेन्शन घेऊ नको म्हणा!"

पुढचं त्याला नंतर भावजयीकडून, सुमनकडून कळलं. भिवाजी मामांनी कप अर्धा तसाच खाली ठेवला. "कोड? कोणाले? पोरीले?" भाऊराव म्हणाला, गाडीले, मामा, गाडीले. मामा हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "गाडीले कोड निघते काय, भाऊराव? आमाले काय लहान लेकरं समजता? उद्याचं राहू द्या. मंग पाहू." आणि चप्पल घालून निघून गेले.

थोड्या वेळानं भाऊरावचा उलटा फोन. "काय बोलला बे तू? पोरीचं वाटोळं केलं!" मागून सुमनच्या रडण्याचा आवाज येत होता.

सगळं ऐकून दादाराव म्हणाला, "मशीन घेऊन मी जातो सौंसरले. दाखवतो कोड म्हणजे काय ते."

"तू?" भाऊराव किंचाळला. "तुले पाह्यलं म्हणजे राह्यलंसाह्यलं खलास! आम्ही त्याइले सांगतलं आहे, मोठा भाऊ भोपाळले राहते."

सीट उचललेलीच होती, उंदराचं एक पिल्लू चुकून बाहेर आलं आणि परत कापसात शिरलं.

"भोपाळात काय करतो मी?" दादारावनं विचारलं.

"…नोकरी."

"पगार बरा आहे का?"

भाऊरावनं फोन ठेवला.

दादारावनं तार सोलली, जोडली, टेप गुंडाळली. उंदराचं बिऱ्हाड फडक्यात उचलून बांधावर नेऊन ठेवलं. मशीनवरचा कोड मिटवला. दूरवर फेरी मारून आला, दिवा परत लागला नाही. मशीन सांगत होती, आत जाणारी हवा आता बाहेरच्या हवेएवढीच गरम आहे. गाडी बरी झाली होती.

रविवारी सकाळी त्यानं तो घडीचा शर्ट घातला नाही. रोजचा खाकी घातला आणि कोणाला न सांगता सौंसरचा रस्ता धरला.

अंकुशच्या अंगणात भिवाजी मामा खुर्ची टाकून बसले होते. दादाराव "जय भीम" म्हणाला आणि चहापाण्याची वाट न पाहता म्हणाला, "मामाजी, काल फोनवर मी जो कोड बोललो ना, तो घेऊन आलो. या, बसा गाडीत."

मामा चमकले, पण उठले. अंकुशही बाहेर आला. दादारावनं सीट उचलून सेन्सरची तार मुद्दाम उपटली, चाबी फिरवून थोडी गाडी चालवली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मशीन मामांच्याच हातात दिली. "वाचा. काय लिहिलं आहे?"

"पी… शून्य… एक…"

"हाच. याले कोड म्हणतात गाडीवाले." त्यानं तार जोडली, मामांच्या बोटानं बटण दाबायला लावलं. दिवा विझला. "अन् हा असा मिटते. पोरीचं यात काही नाही."

भिवाजी मामांनी एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा अंकुशकडे, आणि कपाळावर हात मारून घेतला. "हात् तिच्या! इंग्रजीतला कोड आहे का हा? अन् मी रातभर झोपलो नाही ना!" अंकुश तर पोट धरून हसत होता. आतून पाण्याचा गडवा आला. दादारावनं तो ओठांपासून हातभर वर धरला आणि वरूनच पाणी प्यायला, त्याची ती सवयच आहे.

तेव्हा मामांचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. हसणं हळूहळू विरलं.

"अन् हा?" मामांनी हळूच विचारलं.

"हा माहा. हा मशीनीत दिसत नाही."

"तुम्ही भाऊरावचे कोण म्हणावं?"

अंगणात ऊन होतं. अंकुश पाहत होता. दादाराव खोटं बोलायला आला नव्हता, खरं काय ते दाखवायलाच आला होता. मी मोठा भाऊ, पोरीचा मोठाबाबा, हे त्याच्या जिभेवर आलं होतं. बोलला असता तर काय झालं असतं, कोणाला ठाऊक? कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित मामांनी पुन्हा तो अर्धा कप खाली ठेवला असता. पण त्याची स्वतःची सोयरीक एका ठिपक्यावर गेली होती. दीपालीची पणाला लावायची हिंमत त्याच्यात नव्हती.

"ड्रायव्हर," तो म्हणाला. "गाडी माही आहे. भाड्यानं लावतो."

मामांनी सुटकेचा श्वास सोडला, तो अंगणभर ऐकू आला. "त्यांचे मोठे भाऊ भोपाळले राहतात म्हणे."

"हाव. मोठी नोकरी आहे. साहेब माणूस."

"मंग घरात कोणाले असं काही…?"

"कोणालेच नाही."

तो खोटं बोलला. तुम्हाला रागवायचं असेल तर खुशाल रागवा, पण कोणावर ते आधी ठरवा.

मामांनी भाऊरावला फोन केला, कोड गाडीचाच होता, तुमच्या ड्रायव्हरनं येऊन दाखवला, आणि पुढच्या रविवारी घर पाहायचा कार्यक्रम झाला. भाड्याचा ड्रायव्हर लागला नाही, ड्रायव्हर होताच. भाऊराव, सुमन, दीपाली आणि दोन-चार नातेवाईक मागे बसून सौंसरला गेले. भाऊराव रस्ताभर खिडकीबाहेर कपाशीच्या रिकाम्या वावरांकडे पाहत होता. तिकडे घरात पाहुणचार झाला, दादारावचं ताट व्हॅनमध्ये आलं. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख निघाली. आतला हसण्याचा आवाज त्याला सीटवर बसून ऐकू येत होता, आणि तो मनातल्या मनात कोण काय बोललं असेल ते जुळवत होता.

निघताना सगळे अंगणात पोचवायला आले. दीपाली व्हॅनजवळ आली आणि मागच्या दारापाशी न जाता पुढे आली. तिनं पुढच्या डाव्या दाराच्या मुठीवर हात ठेवला. दादारावनं ती सीट धुऊन, नवं कव्हर घालून आणली होती. का, ते त्यालाच माहीत. आता तिच्यावर बसलं तर ती करकरणारही नव्हती.

"दीपे, मांग बस वं," सुमन दबक्या आवाजात म्हणाली.

दीपालीनं मूठ सोडली नाही. ती काचेतून त्याच्याकडे पाहत होती. ओठ हलले, "मोठेबा…"

भिवाजी मामा दोन पावलांवर उभे होते.

"मांग बसा, ताई," दादाराव म्हणाला. "पुढं इंजिन गरम होते."

ज्या पोरीला त्यानं कडेवर घेतलं होतं, तिला तो ताई म्हणाला, अहो म्हणाला. दीपालीचा हात मुठीवरून निसटला. ती मागे जाऊन बसली. पांढुर्णा येईपर्यंत आरशात तिचं तोंड दिसलं नाही, तिनं ते पदरात घेतलं होतं. तिला घरी सोडून तो तिगावला एकटा परतला, रिकाम्या गाडीत, आणि फाटक बंद होतं म्हणून थांबला तर लांबलचक मालगाडी संपता संपेना.

आता तिगावात कोणाच्याही गाडीचा दिवा लागला की लोक दादारावकडे येतात. चाबी बोनेटवर ठेवतात, चार पावलं लांब उभं राहून विचारतात, कोड कोणता आहे काका? तो सांगतो. खरा बिघाड सांगतो, नुसता मिटवून देत नाही. गेले की तो मशीन परत आपल्या व्हॅनला लावतो. बिघाड काही नसतो. पडद्यावर येतं, कोड नाही. ते तो दोनदा वाचतो, मशीन काढतो, पुसतो, डब्यात ठेवतो.

तर तुमच्याकडे एक मागणं आहे. तिगावहून पांढुर्ण्याकडे जाताना संत्र्याच्या क्रेटी भरलेली पांढरी व्हॅन दिसली, तर हात दाखवा. तो थांबेल आणि तुम्ही काही म्हणायच्या आत मागचं दार उघडून देईल. ते लावून घ्या. पुढचं दार उघडा आणि त्याच्या शेजारी बसा.